तुमच्या बाबांनी दिलेलं कार्ड

माझ्या दोन्ही बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुमच्यापैकी धाकट्याने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तोंड आणलं आणि एकेक शब्द सुटा करत मला विचारलं, "आजी, मी कोण आहे? माझं नाव सांग." मोठीने त्याला कोपराने ढोसलं, पण तोवर प्रश्न विचारून झाला होता. मी नाव सांगितलं. मग त्याने ताईचं नाव विचारलं, तेही सांगितलं. तो खूश झाला आणि मागे वळून बाबांना म्हणाला की आजीला आठवतंय.

त्यात तुझा काही दोष नाही, बाळा. मोठी माणसं बोलतात ते मुलांच्या कानावर पडतंच, आणि तू आपल्या परीने मला मदत करत होतास. पण तुमच्या घरात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला त्या प्रश्नाने कळलं. म्हणून आताच लिहिते आहे. आणखी काही महिने गेले तर आजीला विसरायला होतं ही गोष्ट तुमच्या मनात पक्की बसेल, आणि मग मी काहीही सांगितलं तरी ते विसरणाऱ्या बाईचं सांगणं ठरेल.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचताना अडखळायला होईल, म्हणून वाक्यं लहान ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर या विषयातले सगळे शब्द बँकेचे आले असते. ते मी गेली दोन वर्षं पुष्कळ वाचले आहेत.

तुमचे आजोबा गेल्यावर तुमचे बाबा इथे जळगावला महिनाभर राहिले. तिकडे परदेशी परत जाण्याआधी त्यांनी माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक होती पुण्यातल्या ज्येष्ठांच्या वसाहतीची रंगीत पुस्तिका. तिथे एक खोली त्यांनी पैसे भरून माझ्यासाठी राखून ठेवली होती, मला न विचारता. दुसरा होता या क्रेडिट कार्डाचा अर्ज. कार्ड त्यांच्या स्वतःच्या कार्डाला जोडलेलं असणार होतं. वर माझं नाव, पण हिशेब त्यांच्याकडे आणि बिलही तेच भरणार. ते म्हणाले, "आई, तू सगळा खर्च या कार्डावर कर. मला तिकडे मेसेज येत राहतील. तुझं नीट चाललंय हे मला दिसत राहिलं की पुण्याची घाई नाही."

मी अर्जावर सही केली. माझं पेन्शन मला पुरतं, त्यांच्या पैशाची मला गरज नव्हती. पण मला या घरात राहायचं होतं. तुमच्या आजोबांनी सावद्याची शेती भावांकडे सोपवून, नोकरीतल्या पैशातून हे घर बांधलं. इथल्या प्रत्येक खिडकीची दिशा आम्ही दोघांनी उन्हाचा विचार करून ठरवलेली आहे. घरात राहण्यासाठी एक कार्ड वापरायचं, एवढंच तर होतं. मला तो सौदा सोपा वाटला.

मी ज्या गोष्टी आता सांगणार आहे त्या इतक्या लहान आहेत की त्यांची तक्रार करायला मला तेव्हाही लाज वाटली. कार्ड आलं तेव्हाचंच सांगते. कुरिअरवाला दारात उभा राहून म्हणाला, ओटीपी सांगा. ओटीपी गेला होता तुमच्या बाबांच्या फोनवर, आणि तुमच्याकडे तेव्हा सगळे झोपलेले. तो पाकीट घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तुमच्या बाबांनी गजर लावून उठून मला आकडा कळवला. माझ्या नावाचं पाकीट माझ्या दारात, आणि ते माझ्या हातात द्यायला माझ्या मुलाची झोपमोड करावी लागली.

पुढे सगळं तसंच. रेल्वेचं तिकीट काढायचं, ओटीपी तिकडे. विजेचं बिल भरायचं, ओटीपी तिकडे. माझी कामं मी सकाळी करते, जन्मभर तशीच करत आले. आता ती संध्याकाळपर्यंत थांबवावी लागायची, तुमचे बाबा उठेपर्यंत. ते चहा पिता पिता आकडा सांगायचे आणि सहज विचारायचे, कुठे चाललीस? कशाला? ते प्रेमाने विचारत. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला भुसावळला मैत्रिणीकडे जायचं असलं तरी सांगावं लागतं आणि मग तिकीट मिळतं, हे मला कॉलेजच्या वसतिगृहानंतर पहिल्यांदाच अनुभवायला मिळालं.

दुकानांतली तऱ्हा वेगळी. आमच्या किराणावाल्याने कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, घेतो, पण दोन टक्के वर लागतील. बँक माझ्याकडून कापते." मी म्हटलं, मग रोखच घे. म्हणजे मेसेज गेला नाही. म्हणजे रात्री फोन: आई, या आठवड्यात तू किराणा आणलाच नाहीस, जेवतेस ना? पुढच्या वेळेपासून मी दोन टक्के देऊन किराणा आणू लागले, मी जेवते आहे हे तिकडे कळावं म्हणून. कापडवाल्याकडे यंत्राला रेंज मिळत नसे. तो ते यंत्र हातात उंच धरून दुकानाच्या पायरीवर जाई, आणि मी त्याच्या मागोमाग, पिनचे आकडे दाबायला, भर रस्त्यात. भाजीबाजारात तर कार्डाचा प्रश्नच नव्हता. भरिताची वांगी विकणारी बाई माझ्याकडून कार्ड घेणार नव्हती, म्हणून तुमच्या बाबांच्या हिशेबात मी गेल्या दोन हिवाळ्यांत एकदाही भरीत खाल्लेलं नाही.

खर्च केला की गुण मिळतात असं कार्डाबरोबरच्या कागदात लिहिलं होतं. जळगावात माणूस मोठा खर्च करतो तो सोन्याचा, आणि सोन्याच्या खरेदीवर गुण नाहीत. जे मिळाले त्यांतून घ्यायच्या वस्तू म्हणजे कानात घालायचं यंत्र, प्रवासाची बॅग आणि मनगटाला बांधायचं घड्याळासारखं काहीतरी, जे पावलं मोजतं. विमानतळावर आरामात बसायची फुकट सोय होती. मी भुसावळच्या फलाटावर बाकावर बसते. आणि दर दुपारी, अगदी डोळा लागतो त्या वेळी, फोन यायचा. हिंदीतून एक मुलगी अभिनंदन करायची आणि मग विचारायची, घरात कुणी सर आहेत का, त्यांच्याशी बोलता येईल का. सर आता नाहीत हे मी तिला सांगत असे. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी असे आणि तीही सरांना विचारत असे. तुमच्या आजोबांच्या मृत्यूची बातमी मी नातेवाइकांना एकदाच दिली. त्या बँकेला मी ती पुन्हा पुन्हा दिली.

तरीही मी कार्ड वापरत राहिले.

मग दसरा आला. आमच्या शेजारी चोपड्याच्या बाजूचं केळीवालं कुटुंब राहतं. मुलाने इथे ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घेतली आणि आईला शेतातून इथे आणलं. ती माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, शाळेत फार गेली नाही, पण तिच्याइतकी बोलायला मजेची बाई या गल्लीत दुसरी नाही. दुपारचा चहा आम्ही दोघी एकत्र घ्यायचो, एक दिवस तिच्या ओट्यावर, एक दिवस माझ्या. मला ती अक्का म्हणते. तिला मिक्सर घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला की अमुक बँकेचं कार्ड असेल तर सणाची मोठी सूट आहे. ते माझ्याकडे होतं. ती म्हणाली, तुमचं कार्ड चालवा अक्का, मी पैसे लगेच देते.

हे तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्या गल्लीत वाटत नाही. तुम्ही इथे आला होतात तेव्हा पुरणाचे मांडे खाल्ले होते, आठवतात? ते ज्या मातीच्या उपड्या भांड्यावर भाजतात ते खापर. ते काही प्रत्येक घरात नसतं. माझ्याकडे सासरचं, सावद्याहून आलेलं आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत ते एकदा घराबाहेर पडलं की या घरून त्या घरी जातं आणि सण उतरल्यावर धुऊन-पुसून माझ्याकडे येतं. कुणी विचारत नाही, कुणी उपकार मानत नाही. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याने ती द्यायची. कार्डावरची सूट मला तशीच वाटली. माझ्याकडे आहे, मला तिचा उपयोग नाही, दुसऱ्याला आहे.

मी तिच्याबरोबर दुकानात गेले, कार्ड दिलं, मिक्सर आला, आणि त्याच संध्याकाळी तिने नोटा माझ्या हातात ठेवल्या. मग तिच्या सुनेच्या बहिणीचं वॉशिंग मशीन आलं. मग कोपऱ्यावरच्या निवृत्त गणिताच्या मास्तरांसाठी नवा मोबाइल आला. सगळ्यांनी पैसे त्याच दिवशी दिले. ते पैसे तुमच्या बाबांचे, कारण कार्डाचं बिल ते भरणार. म्हणून मी ते माझ्या बँकेत नेऊन त्यांच्या आणि माझ्या नावाने ठेव म्हणून ठेवले. आणि तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं. ते गाडी चालवत होते. मी मिक्सरचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, ठेवीचं सांगितलं. ते म्हणाले, "हो हो आई, छान, तू घे तुला काय हवं ते." मला वाटलं, ऐकलं असेल.

दिवाळीनंतर मी नेहमीच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेले. यंत्राने आवाज केला आणि व्यवहार झाला नाही असं दाखवलं. दुकानदाराने पुन्हा कार्ड लावलं. आता झाला. प्रत्यक्षात दोन्ही झाले होते. एकाचे पैसे काही आठवड्यांनी परत आले. पण तिकडे त्या दिवशी दोन मेसेज गेले, एकाच दुकानातून, एकाच रकमेचे, पाठोपाठ.

रात्री तुमच्या बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज फार मऊ होता. मी घाबरले, वाटलं तिकडे काही झालं. त्यांनी विचारलं, आज दिवसभर काय काय केलंस? मी सांगितलं. औषधांच्या दुकानात किती वेळा गेलीस? एकदा. "नक्की एकदाच गेलीस ना आई?" मी यंत्राचं सांगितलं. ते बरं म्हणाले. माझ्यावर विश्वास बसलेला नाही हे त्या 'बरं'मध्ये होतं. परीक्षेत कॉपी केलेल्या मुलाच्या वडिलांशी बोलताना मीही अशाच आवाजात बोलत असे.

त्यानंतर त्यांनी मला न सांगता एक गोष्ट केली. कार्डावर खर्चाची मर्यादा खाली आणली. ते त्यांनी काळजीपोटी केलं हे मला ठाऊक आहे. पण मला ते धुळ्यात कळलं.

धुळे माझं माहेर. भाऊ आता नाही, पण वहिनी आहे, आणि तिच्यामुळे माहेर आहे. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. घरच्या लेकीने, म्हणजे मी, अशा वेळी वहिनीला मानाचं लुगडं करायचं. आता लुगडं कुणी नेसत नाही, साडी असते, पण मान तोच. मी एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला गेले. दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन बाजारात गेले. दुकानात आम्ही गादीवर बसलो, साड्या उलगडल्या गेल्या, तिने दोन नाकारल्या, एक घेतली, पाणी आलं, चहा आला. मी कार्ड दिलं. यंत्राने नाही म्हटलं. पुन्हा लावलं. पुन्हा नाही. दुकानदाराने कार्ड मला परत देताना दोन बोटांत धरून दिलं आणि हिंदीत म्हणाला, दुसरं काही आहे का मांजी. इतका वेळ तो मराठी बोलत होता.

माझ्या पर्समध्ये परतीच्या बसपुरते पैसे होते. फोनवरून पैसे पाठवायची सोय मी केलेली नव्हती, तुमच्या बाबांनीच ती करू नको म्हणून सांगितलं होतं, फसवणूक होते म्हणून. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र. वहिनीने पदराआडून पाकीट काढलं आणि नोटा मोजून गादीवर ठेवल्या. ज्या साडीने मी तिचा मान करणार होते तिचे पैसे तिनेच दिले.

बाहेर आल्यावर ती माझं अवघडलेपण पाहून हसली. म्हणाली, "ताई, एवढ्या वर्षांत तुम्ही केलेले सगळे आहेर मी नेसले. हा तेवढा माझाच." तिने थट्टा केली, मला मोकळं करायला. मी हसले नाही. जळगावला परतल्यावर मी बँकेतून पैसे पाठवले. तिने ते घेतले, पण लग्नात ती साडी नेसली नाही.

घरी आल्यावर मी तुमच्या बाबांना फोन केला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, आई, मी तुला काही दाखवतो. त्यांनी माझ्या फोनवर कार्डाचं वर्षभराचं विवरण पाठवलं. काही ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. मिक्सर. वॉशिंग मशीन. मोबाइल फोन. औषधं, औषधं. ते म्हणाले, घरात मिक्सर आहे, मशीन आहे, फोन मीच दिला होता. हे कुणासाठी घेतलंस? कोण घ्यायला लावतं तुला? मी म्हटलं, तुला सांगितलं होतं. ते म्हणाले, नाही सांगितलंस. मी म्हटलं, गाडी चालवत होतास, दसऱ्यानंतरचा सोमवार होता. ते पुन्हा त्या मऊ आवाजात म्हणाले, "आई, तुला वाटतंय की तू सांगितलंस."

आम्हा दोघांपैकी एकजण विसरला होता. कोण, हे तपासायची गरज त्यांना वाटली नाही.

ठेवीची पावती मी त्यांना दाखवली. तिचा फोटो काढून पाठवला. त्यावर ते म्हणाले, ठीक आहे, पैसे मिळाले, पण असं दुसऱ्यांना कार्ड देणं बँकेच्या नियमात बसत नाही, आणि तू इतकी शिकलेली असून तुला हे कळू नये याचीच मला काळजी वाटते. नियमाचं त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी तिथे थांबायला हवं होतं. त्यांनी शेजारच्या मुलाला फोन केला.

काय बोलले ते मला माहीत नाही. नम्रपणेच बोलले असतील, त्यांना उद्धट बोलता येत नाही. आई एकटी असते, वय झालंय, जरा लक्ष ठेवा, आणि पैशाच्या व्यवहारात तिला गुंतवू नका, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाची वेळ माझ्याकडची होती. शेजारीण आली, पण आत आली नाही. हातात मिक्सरचं बिल होतं. ओट्याखाली उभी राहून तिने विचारलं, "अक्का, तुमले बठ्ठा पैसा मियना ना?"

म्हणजे, सगळे पैसे मिळाले ना तुम्हाला. मी म्हटलं, अगं मिळाले, त्याच दिवशी मिळाले, तू वर ये. ती म्हणाली, पोरगा म्हणे, तुमच्या लेकाचा फोन होता. मी कुणाच्या म्हाताऱ्या माणसाला लुबाडणारी शे का अक्का? मी म्हणायला हवं ते सगळं म्हटलं. तिने मान डोलावली आणि गेली. तिची चूक नव्हती, आणि तिच्या घरात मुलापुढे, सुनेपुढे तिला उत्तर द्यावं लागलं होतं. माझ्या ओट्यावर ती त्यानंतर चहाला आलेली नाही. वाटेत भेटली तर तब्येत विचारते. पण लक्ष ठेवायला सांगितलेल्या माणसासारखी विचारते.

त्यानंतर तुमच्या बाबांनी डॉक्टरांची वेळ घेतली. स्मृतीची तपासणी. ती नीट झाली तर पुण्याचं पुढे ढकलू, नाही तर उन्हाळ्यात येऊन तुला घेऊन जाईन, असं त्यांनी सांगितलं. हे मला स्पष्ट सांगितल्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. निदान काय पणाला लागलं आहे ते मला कळलं.

डॉक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होता. तो उभा राहिला, मॅडम म्हणाला, आणि मग खाली बसून त्याने मला आजचा वार विचारला. महिना विचारला. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने ते परत विचारले. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. तो प्रत्येक प्रश्नाआधी म्हणत होता, मॅडम, माफ करा, विचारावं लागतं. मग त्याने एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, "कुठलंही एक पूर्ण वाक्य लिहा."

या मुलाची वाक्यं मी दोन वर्षं लाल शाईने दुरुस्त केली होती. मी लिहिलं: मी माझ्या मुलाच्या सांगण्यावरून इथे आले आहे आणि मला माझ्या घरी जायचं आहे. त्याने ते वाचलं. वर पाहिलं नाही. अहवालात त्याने लिहिलं की वयाच्या मानाने स्मृती उत्तम आहे. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, तुमच्या मुलाला मी स्वतः फोन करेन.

घरी आल्यावर मी कार्ड बंद करायला बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला. आधी भाषा निवडायची होती. मराठी निवडली तरी पुढे हिंदीच आली. आकडे दाबले, संगीत ऐकलं, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे हे पुन्हा पुन्हा ऐकलं. मग एक मुलगी आली. मी तिला नीट इंग्रजीत सांगितलं की मला हे कार्ड नको. तिने माझी जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं, आणि सगळं बरोबर आल्यावर म्हणाली की कार्ड तुमचं असलं तरी ते बंद करायचा अधिकार मूळ कार्डधारकाला आहे. त्यांनाच फोन करायला सांगा.

मी तिला धन्यवाद दिले. तिचा काही दोष नव्हता. मग स्वयंपाकघरातून दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली आणि कार्डाचे तुकडे केले. ते वाटतं त्यापेक्षा चिवट असतं, आणि सोनेरी चौकोनाजवळ कात्री अडते. संध्याकाळी तुमच्या बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आई, मग आता मला कसं कळणार तू कशी आहेस ते?"

मी म्हटलं, "मला विचारून."

त्यांना वाईट वाटलं हे मला कळलं. मलाही वाटलं. तुम्हाला घरात जे ऐकू आलं ते बहुधा त्या आठवड्यातलं असावं. आजीने रागाच्या भरात कार्ड कापलं, आजी पूर्वी अशी नव्हती. रागाच्या भरात नाही कापलं. आधी रीतसर बंद करायचा प्रयत्न केला, तो झाला नाही, म्हणून कापलं.

तुमच्या बाबांविषयी तुमचं मन कडू व्हावं म्हणून हे लिहिलेलं नाही. ते मला सोडून गेलेले नाहीत, फार लांब आहेत एवढंच. लांबून माणूस दिसत नाही म्हणून त्यांनी खर्च पाहिला, आणि खर्चात जे दिसलं त्याला ते आई म्हणू लागले. मोठेपणी तुम्हीही कुठेतरी लांब असाल. तेव्हा हे लक्षात ठेवा, एवढंच मागणं आहे.

डॉक्टरांचा अहवाल गेल्यावर त्यांनी सध्या पुण्याचं नको असं सांगितलं. सध्या हा शब्द त्यांचा आहे. ती खोली त्यांनी सोडलेली नाही. तिचे पैसे अजून भरले जातात.

शेजारणीला मी आखाजीला स्वतः जाऊन बोलावलं. ती म्हणाली, येईन. आली नाही. मी रागावलेले नाही. तिच्या जागी मीही गेले नसते.

आता इथे काय उरलं आहे ते सांगून थांबते. घर माझ्या नावावर आहे. पेन्शन माझ्या खात्यात येतं, आणि ते मी बँकेत जाऊन, खिडकीशी उभं राहून, स्वतःच्या सहीने काढते. किराणावाल्याला रोख देते. तो वर काही घेत नाही. मी इथे राहते आहे.

तुमची,
आजी